नुसता बदाम पाठवून भागेल का?

नमस्कार मावशी,

मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. वय ४१. टेलिग्रामवरच्या एका वाचनगटात आहे, तीनेकशे लोक आहेत. तिथे टोपणनावाने लिहिणारं कुणीतरी दर रविवारी रात्री एका कादंबरीचा एकेक भाग टाकतं. तापीकाठचं गाव, केळीच्या व्यापाऱ्याकडचा मुनीम आणि गावात बदलून आलेला वायरमन, अशा दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे. मागच्या एका भागात वायरमन चपला खाली काढून खांबावर चढतो. चपला उन्हात पडलेल्या असतात. मुनीम येता-जाता त्या पायानेच सावलीत सरकवतो आणि चालू लागतो. बोलत काहीच नाही. मी तिथे रडले.

पण गटात मी फक्त लाल बदाम पाठवला. मोठं लिहिलं होतं, ते पुसून टाकलं. कारण त्याच्या वरच एकाने लिहिलं होतं, ‘लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘हे आपल्याकडचं नाही, शहरी खूळ आहे.’ तिसरा तर गाव शोधायच्या मागे आहे. माझ्याच शाळेतल्या दोघी गटात आहेत. त्यातली एक मधल्या सुट्टीत म्हणाली, ‘तुमच्यासारख्या संसारी बाईला यात कसला रस?’ मी हसून वेळ मारून नेली.

आणखी एक आहे. माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, २८ वर्षांचा. आई त्याच्यासाठी मुली बघतेय आणि तो प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढून टाळतोय. ही गोष्ट वाचायला लागल्यापासून मला त्याच्याबद्दल वेगळंच वाटायला लागलंय. त्याला ही गोष्ट पाठवून बघू का? तो काय म्हणतो त्यावरून कळेल.

आणि आता लेखकाने विचारलंय की शेवट कसा हवा ते सांगा. मी लिहावं की गप्प वाचत राहावं?

— एक वाचक

प्रिय ताई,

लिहा. काय लिहायचं याचीही चिंता करू नका, चपलांबद्दल तुम्ही मला जे लिहिलंत तेच तिथे लिहा. त्यात एकही जड शब्द नाही, कुठली भूमिका नाही, कुणाला शिकवणं नाही. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उन्हात राहिलेली चपल पायात घालवत नाही, हे खानदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यामुळे तो प्रसंग गटातल्या प्रत्येकाला कळलेला आहे, ‘शहरी खूळ’ म्हणणाऱ्यालासुद्धा. फक्त त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही. तुम्ही बोला. ‘मुनिमाने चपला सावलीत सरकवल्या तिथे मी थांबले. माझ्यासाठी असं कुणी केलं तर मी ते विसरणार नाही.’ एवढं पुरे आहे.

बदाम वाईट नाही. पण बदामाने लेखकाला इतकंच कळतं की भाग वाचला आणि आवडला. कुठे आवडला, कशाने पोटात तुटलं, कुठली जागा कळली नाही, यातलं काही कळत नाही. पुस्तक पुरं करून छापायला देणाऱ्याला वाचक शेवटी भेटतात. दर आठवड्याला भाग लिहिणाऱ्याला ते अध्येमध्येच भेटतात, गोष्ट अजून हातात असताना. त्या वेळी आलेलं एक नेमकं वाक्य त्याला पुढचा रविवार गाठून देतं. आणि ही तर अशी गोष्ट आहे की टोमणा मारणारा लांबलचक लिहितो आणि जिव्हाळ्याने वाचणारा बदाम टाकून निघून जातो. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मग टोमणेच राहतात.

पण मी तुम्हाला लिहा म्हणते ते लेखकासाठी कमी आणि दुसऱ्यांसाठी जास्त. तुमच्या गटात तीनशे माणसं आहेत. लिहिणारे किती असतील? दहा, पंधरा. बाकीचे नुसते वाचतात. त्या न बोलणाऱ्यांत कुणीतरी शहाद्याच्या वसतिगृहात पांघरुणाखाली मोबाईलचा उजेड कमी करून वाचत असेल. कुणी पारोळ्याचा दुकानदार असेल, दोन मुलांचा बाप. ते आधी गोष्ट वाचतात आणि मग खाली तुम्ही लोक काय म्हणताय ते वाचतात. माझं मत विचाराल तर ते दुसरं वाचन त्यांच्यासाठी जास्त जड असतं. मुनीम आणि वायरमन कागदावरचे आहेत, त्यांना कुणाचं बोलणं लागत नाही. ‘ताळ्यावर येईल’ हे त्या वसतिगृहातल्या मुलाला लागतं. आपल्या ओळखीची, आपल्यासारखी बोलणारी माणसं आपलं खरं कळलं तर काय म्हणतील, हे तो त्या दहा-पंधरा जणांच्या लिहिण्यावरून ठरवतो. आज तिथे तुमचं वाक्य नाही.

लिहिताना एकच जपा. ‘मी काही त्यातली नाही, पण मला गोष्ट आवडली’ अशी सुरुवात करू नका. हे वाक्य फार सहज हातून जातं, चांगल्या मनाच्या माणसांच्याही. लिहिणाऱ्याला वाटतं आपण नुसता खुलासा केला. वाचणाऱ्या त्या मुलाला मात्र ऐकू येतं की हे असं काहीतरी आहे ज्यापासून भल्या बाईने आधी पदर सावरून घ्यायचा असतो. दुष्काळाची गोष्ट वाचल्यावर आपण ‘आमची विहीर भरलेली आहे, पण’ असं लिहीत नाही. मधल्या सुट्टीत तुम्हाला विचारणाऱ्या बाईंनाही तेच उत्तर आहे: प्रेमाची गोष्ट आहे, चांगली लिहिलीय, म्हणून वाचते. पुढे विचारलं तर हाच चपलांचा प्रसंग त्यांना सांगा. त्या गटात आहेत म्हणजे त्याही वाचतायत, हे लक्षात असू द्या.

‘लग्न लावून द्या’ म्हणणाऱ्याशी भांडू नका, पण त्याला तसंच सोडूही नका. एकच विचारा: त्या मुलीचं काय? आपल्याकडे लग्न म्हणजे बस्ता, हळद, पंगती, सासर-माहेरचे पाचपन्नास पाव्हणे, बापाचं कर्ज. हे सगळं करून मुनिमाच्या घरात जी मुलगी येईल, तिला कुणी काही सांगितलेलं नसेल. रात्री पाठ फिरवून झोपणारा नवरा पाहून ती स्वतःतच खोट शोधत बसेल. तिच्या माहेरची माणसंही तिलाच विचारतील, ‘तुझंच काही चुकलं असेल.’ तुम्ही बाई आहात, तुम्हाला ते मुलीच्या बाजूने लिहिता येईल. असा प्रश्न आला की गटातल्या बऱ्याच बायका बोलायला लागतील असं मला वाटतं, कारण हे दुःख त्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं.

आणि ‘ताळ्यावर आणायला’ यात काही बिघडलेलं नसतंच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. असा ‘इलाज’ करणं हा डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कळवलं. कायद्याचंही सांगून ठेवते, कारण पुढच्या भागांत कुणीतरी ‘पोलीस पकडतील’ म्हणेल आणि दुसरा ‘मग त्या दोघांनीच लग्न करावं’ म्हणेल. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले. तेव्हा मुनीम आणि वायरमन गुन्हेगार नाहीत. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याच न्यायालयाने समलिंगी लग्नाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे ते एका घरात राहू शकतात, पण रजिस्टर ऑफिसात जाऊन लग्न नोंदवू शकत नाहीत. गोष्टीचा लेखक हे धरूनच लिहीत असेल. वाचकांनीही धरून बोलावं.

‘आपल्याकडचं नाही’ याचं उत्तर मराठीतच आहे. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, त्याच्या मध्यभागी बाईवर प्रेम करणारी बाई आहे. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ ची, आणि ती मूळ मराठीतली. भागाभागाने गोष्ट सांगून घरात न बोलायचा विषय घरात आणणं तर त्याहून कितीतरी जुनं आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः दिली. यमूची गोष्ट, तिच्याच तोंडून. बालपणी लग्न, सासर, वैधव्य, केशवपन. ज्या घरांत विधवा मुलीकडे कुणी नीट बघतही नव्हतं, त्याच घरांत ते अंक पोचत होते. वाचणाऱ्याला यमूबद्दल हळहळावंसं वाटलं तर स्वतःच्या माजघरात बसलेल्या मुलीकडे वर मान करून बघावं लागणारच होतं. क्रमशः गोष्टीचं बळ यात आहे. आठवडाभर ती माणसं आपल्या घरात राहतात. तुमच्या गटातल्या त्या गृहस्थांच्या घरीही मुनीम आणि वायरमन आता राहायला आलेले आहेत, नाहीतर ते दर रविवारी भाग उघडून चिडले नसते.

गाव शोधणाऱ्याबद्दल मात्र मी कडक बोलेन, कारण इथे नुसत्या बोलण्याने खरं नुकसान होऊ शकतं. केळी म्हणजे रावेर-यावल-सावदा, स्टेशनात केळीच्या वॅगन भरतात म्हणजे अमुकच, सबस्टेशन अमुक गावाबाहेर आहे, बदलून आलेला वायरमन म्हणजे तोच की काय. ही कोडी सोडवण्यात लोकांना मजा वाटते. पण खानदेशात दोन माणसांआड तिसरा पाव्हणा निघतो. लेखकाने सगळं मनाने रचलेलं असलं तरी त्या वर्णनात बसणारा कुणीतरी खरा वायरमन कुठल्यातरी गावात आहे, त्याला घर आहे, भाऊबंद आहेत. उद्या चहाच्या टपरीवर त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं तर ते कोण निस्तरणार? गटाच्या अ‍ॅडमिनला खाजगीत लिहा आणि नियमच करायला सांगा: गावाचा, माणसाचा, लेखकाचा माग काढायचा नाही, गटातलं कुणाचंही लिहिणं स्क्रीनशॉट काढून बाहेर पाठवायचं नाही. ‘ही तुमचीच गोष्ट का?’ हा प्रश्नही त्यातच येतो. लेखकाला वाटलं तर तो सांगेल, विचारणारे आपण कोण?

एखाद्या रात्री उशिरा त्या न बोलणाऱ्यांपैकी कुणीतरी ‘हे माझंच आहे’ असं लिहून जाईल. असं होतं, अशा गोष्टीखाली तर होतंच. त्या वेळी लगेच नाव, गाव, घरी माहीत आहे का, असं विचारायला जाऊ नका. ‘वाचलं. बरं झालं लिहिलंत.’ एवढंच म्हणा आणि गोष्टीवरचं बोलणं चालू ठेवा, म्हणजे सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळून राहणार नाहीत. सकाळी त्याने ते पुसलेलं दिसलं तर तुम्हीही वाचलंच नाही असं वागा. फक्त लिहिण्यात जगणं नकोसं झाल्याचा सूर असेल तर गप्प राहू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तो त्याला द्या.

आता तुमच्या नावाचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण पुसून टाकलेल्या त्या मोठ्या मजकुरामागे हेच होतं. टेलिग्रामवर टोपणनाव घेता येतं, सेटिंगमध्ये जाऊन फोन नंबर कुणालाच दिसणार नाही असंही करता येतं. मात्र ज्यांनी तुमचा नंबर आधीच साठवलाय त्यांना तुम्ही त्यांनी साठवलेल्या नावानेच दिसाल, तेव्हा शाळेतल्या त्या दोघींपासून लपणं व्हायचं नाही. टोपणनावाने लिहिण्यात कमीपणा अजिबात नाही, आणि कितीतरी जणांना दुसरा मार्गच नसतो. तरी माझं मन असं आहे की तुम्ही स्वतःच्या नावाने लिहावं. चार लोक कुजबुजतील, स्टाफरूममध्ये एखादा दिवस जड जाईल. ते सोसायला सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पण नोकरी, संसार, वय हे सगळं तुमच्या पाठीशी आहे. तेच वाक्य त्या वसतिगृहातल्या मुलाने नावानिशी लिहिलं तर त्याचं शिक्षण सुटू शकतं. ज्याला बोलणं कमी महाग पडतं त्याने आधी बोलावं. शिवाय तुम्ही शिक्षिका आहात. तुमच्या वर्गातून बाहेर पडलेली मुलंही कधी ना कधी अशा गटांत येतात, आणि बाईंचं नाव ओळखतात.

शेवटाबद्दल लेखकाने विचारलंय ते प्रेमानेच विचारलं असेल, पण हात वर करून शेवट ठरवायला बसू नका. एकाला मारून टाका, दुसऱ्याचं लग्न लावा, असं मागणारे गटात आहेतच. त्यांच्याविरुद्ध मतं गोळा करत बसलात तर गोष्ट राहील बाजूला. ‘अमुक करा’ असं न सांगता तुम्हाला कशाची भीती वाटते ते लिहा. अशा गोष्टींत दोघांपैकी एक जण फार वेळा मरतो, हे वाचकाला मनातून ठाऊक असतं आणि तो प्रत्येक भाग धास्तीने उघडतो. तुम्हीही तसाच उघडत असणार. तेवढं लेखकाला कळवा: ‘वायरमन खांबावर चढला की मला भीती वाटते की तुम्ही त्याला तिथूनच नेणार.’ चांगला लिहिणारा यातून काय घ्यायचं ते घेईल. नाही घेतलं तरी गोष्ट त्याची आहे, हे मान्य करून पुढचा भाग वाचा.

भावाला ही गोष्ट पाठवू नका. निदान या हेतूने नाही. ‘तो काय म्हणतो त्यावरून कळेल’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे तुम्ही गोष्ट नाही, गळ टाकताय, आणि तो ते ओळखेल. तुमचा अंदाज खरा असेल तर घाबरून तो चार शब्द फटकळ लिहील, ‘काय फालतू वाचतेस’, आणि तुमच्यातलं बोलणं आणखी मागे जाईल. अंदाज खोटा असेल तर आपल्या बहिणीने आपल्याला तपासलं, हे त्याला लागेल. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाने लग्न टाळायला दहा कारणं असतात. पगार पुरत नाही, खोली भाड्याची आहे, कुणीतरी मनात आहे, मन मोडलंय, किंवा लग्नच नको आहे. यातलं कुठलंही असलं तरी त्याला तुमच्याकडून लागणारी गोष्ट एकच आहे, की ताईला सांगितलं तर घर डोक्यावर घेणार नाही.

म्हणून असं करा. तो फोनवर ‘काय चाललंय’ विचारेल तेव्हा इकडच्या तिकडच्या गप्पांत तुमचं म्हणून सांगा: ‘सध्या एक गोष्ट वाचतेय, दोन पुरुषांच्या प्रेमाची. तापीकडची आहे. मला फार आवडलीय.’ आणि पुढे आईच्या गुडघ्यांवर या, पावसावर या, कानबाईला येतोस का ते विचारा. त्याच्या आवाजात काय बदललं ते शोधू नका. गटात नावानिशी लिहीत असाल तर त्याला ते कधीतरी दिसेलही, आणि तुम्ही त्याच्यासाठी लिहिलेलं नाही म्हणूनच त्याला ते खरं वाटेल. तो काहीच बोलला नाही तर तेही राहू द्या, त्याच्या सवडीने.

आईशी मात्र तुम्ही आजच बोला, त्यासाठी भावाचं कारण कळायची गरज नाही. ‘त्याला वेळ हवाय, तो स्वतः म्हणेपर्यंत बघण्याचा कार्यक्रम ठेवू नकोस’, हे थोरली बहीण म्हणून तुम्ही म्हणू शकता, आणि तुमचं आई ऐकेल असं तुमच्या पत्रावरून वाटतं. कुठल्या मुलीकडच्यांना पुढच्या महिन्याची तारीख दिलेली असेल तर ती आधी थांबवा. त्या लोकांनी तयारी सुरू करायच्या आत.